बेटावरच्या वकिलाच्या बापाचा जबाब

२०२४ साल. तुझं वय एकोणपन्नास, माझं सत्त्याहत्तर. जायची पाळी माझी होती. तू रांगेत घुसलास, मिल्या. जन्मभर दुसऱ्यांना नियम सांगितलेस आणि स्वतः बापाच्या पुढे घुसलास. हे मला मान्य नाही, आणि कोणी पाठीवरून हात फिरवला म्हणून मान्य होणारही नाही.

भन्तेजी म्हणाले, सगळं अनित्य आहे. मी म्हणालो, ते मला माहीत आहे, मी गवंडी आहे. मी बांधलेली निम्मी घरं लोकांनी माझ्या डोळ्यांदेखत पाडली. पण घर आधी जुनं होतं, मग पाडतात. तुला जुनं व्हायला वेळच कुठे मिळाला? भन्ते चांगला माणूस आहे. चहा घेतला आणि माझ्याजवळ नुसते बसून राहिले.

रंजना तुला कलशात घेऊन आली. दोन विमानं, मग संभाजीनगराहून जीप. बीबीच्या फाट्यापासून मी जीपमध्ये चढलो तर तिच्या मांडीवर पिशवी. म्हटलं, सूनबाई, द्या इकडे, थकल्या असाल. ती म्हणाली, "राहू द्या बाबा, जड नाही." बाकी सगळं मी पचवतो, पण हे वाक्य आठवलं की मला उठून पाणी प्यावं लागतं.

चौथी शिकलेला माणूस हे लिहितो आहे. चुका काढायच्या नाहीत. तशा तू कधी काढल्याही नाहीस. तू वकिलीला संभाजीनगरला होतास तेव्हा मी पोस्टकार्डं टाकायचो, तुझ्या खोलीतली पोरं ती वाचून हसत असतील असं मला वाटायचं. पुढे कळलं की तू ती कोणाला दाखवत नव्हतास, गादीखाली ठेवत होतास. लाज म्हणून नाही, माझी आहेत म्हणून. त्याबद्दल तुला कधी काही म्हणालो नाही. आता म्हणतो. बरं केलंस.

इथे कोणाला विचारलं की मिस्त्रीचा पोरगा काय करायचा, तर काही म्हणतात बँकेत होता, काही म्हणतात तिकडे जज होता. आणि ज्यांना पेपर वाचता येतो ते म्हणतात, काळा पैसा लपवायच्या बेटावर वकील होता. त्या बेटाचं नाव मला शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही, म्हणून मीही बेटच म्हणतो. पण काम मला समजलं होतं. त्या बेटावर शेती नाही, कारखाना नाही. तिथलं पीक म्हणजे कंपन्या. जगातला कोणीही तिथे कागदावर कंपनी काढतो, आणि त्या काढून देणारे दलाल असतात. तुझं ऑफिस त्या दलालांना परवाना देणारं. त्यांच्या फायली उघडायच्या आणि विचारायचं, या नावाच्या मागे खरा माणूस कोण? उत्तर आलं नाही तर दंड, नाहीतर परवाना बंद. तू त्या ऑफिसचा वकील. पैसेवाल्यांचा नाही, विचारणाऱ्यांचा. हा फरक मी या गावात इतक्या वेळा समजावून सांगितला की लोक मला बघून रस्ता बदलतात.

तुझी आई गेल्यावर तू मला महिनाभर तिकडे नेलंस. मला समुद्र आवडला नाही, त्याचं काम कधी संपतच नाही. पण एक इमारत तू दाखवलीस ती लक्षात आहे. पांढरी, तीन मजल्यांची, प्लास्टर चांगलं, कोपरे ओळंब्यात. तू म्हणालास, बाबा, या इमारतीत हजारो कंपन्या राहतात. मी पूर्ण चक्कर मारून आलो. विचारलं, माणसं किती? तू म्हणालास, असतील दहा-बारा.

"मंग हे गाव नाही बे," मी म्हणालो, "ही बोगस मतदार यादी हाय."

तू रस्त्याच्या कडेला खाली बसून हसलास. कोट-टाय घातलेला माणूस. येणारे-जाणारे बघत होते. पुढे तू ते तुझ्या ऑफिसात इंग्रजीत सांगितलंस आणि कोणालाच हसू आलं नाही, म्हणून तुला आणखी हसू आलं.

मी तिथेच विचारलं होतं, असलं दार ठेवायचंच कायले? बुजवून टाका. मी कितीतरी दारं बुजवली आहेत, एका दिवसाचं काम. तू म्हणालास, हे बुजवलं तर ते दुसऱ्या बेटावर जातील, आणि तिथे विचारणारा कोणी नसेल. मी म्हणालो, दारूचं दुकान बंद करा म्हटलं की दुकानदारही असंच म्हणतो. तू म्हणालास, "बाबा, तुमच्यापेक्षा तिकडचे वकील बरे. ते जेवायच्या सुटीत तरी थांबतात." हा वाद आपण मिटवला नाही. आजही माझं म्हणणं तेच आहे, दार बुजवा. तू गेलास म्हणून मी बाजू बदलणार नाही. बदललेली तुला आवडलीही नसती.

आता भाऊसाहेबाचं लिहितो. आपल्या भागात त्याची पतसंस्था होती, तोच अध्यक्ष, बाजाराच्या गावी शाखा, काचेची दारं. लोक भाऊसाहेब म्हणतात, मीही तेवढंच लिहितो. तू दोन वर्षांमागे उन्हाळ्यात सुटीवर आला होतास आणि त्याची पांढरी गाडी आपल्या वस्तीच्या तोंडाशी थांबली. निवडणूक नसताना तो कधी वस्तीत आला नव्हता. निवडणुकीतही आपल्याकडे चहा पुढे केला की 'आत्ताच झाला' म्हणून हात जोडायचा. त्या दिवशी तो दोन कप प्याला. मला म्हणाला, "मिस्त्री, जरा बाहेर बसता का, वकीलसाहेबांशी बोलायचं आहे." मी म्हणालो, घर माझं आहे. आणि तिथेच बसून राहिलो.

त्यानं आडपडदा ठेवला नाही. तुझ्या बेटावर त्याला एक कंपनी पाहिजे होती. नाव त्याचं नको, ड्रायव्हरचं टाकू नाहीतर मेव्हण्याचं. तू नुसतं कोणत्या दलालाकडे जायचं ते सांगायचं.

तू म्हणालास, "भाऊसाहेब, आमच्या ऑफिसचा पहिला प्रश्न तोच असतो, ड्रायव्हरच्या मागं कोण हाय."

"म्हणून तर घरी आलो," तो हसून म्हणाला.

तू उभा राहिलास आणि म्हणालास, चला, तुम्हाला गाडीपर्यंत सोडतो. मला वाटलं होतं तू त्याला हाकलशील. तसं मी तुला बोलूनही दाखवलं. तू म्हणालास, "हाकललंच ना. फक्त चालत हाकललं."

मग तू मला समोर बसवलंस. परत गेल्यावर आपल्या वरिष्ठांना हे सगळं लेखी कळवणार म्हणालास. पण इथे गावात नाही. इथे बाहेर आलं तर तो म्हणेल, वकिलानंच मला बोलावलं, घरी बसून दुकान चालवतो. मग तुझीच चौकशी लागेल, आणि ती संपेपर्यंत तुझ्या सहीला किंमत राहणार नाही. "मी त्या खुर्चीत हाय तोपर्यंत तरी, बाबा. नंतर तुमची मर्जी." मी मान डोलावून हाव म्हणालो. तू माझ्याकडून शब्द मागितलास असं पहिल्यांदाच झालं होतं, म्हणून लगेच दिला.

पुढच्या वर्षी पतसंस्थेची काचेची दारं बंद झाली. आणि त्यात आपली वच्छला होती.

माझी धाकटी बहीण, तुझी सख्खी आत्या. तुझी आई माझ्यासोबत कामावर यायची तेव्हा तू जिच्या मांडीवर वाढलास ती. जन्मभर अंगणवाडीत दुसऱ्यांची पोरं सांभाळून रिटायर झाल्यावर मिळालेलं सगळं तिनं तिथे ठेवलं होतं. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, भाऊ, मिल्याले विचार, या भाऊसाहेबाचा पैसा त्या बेटावर गेला का? तेवढं कळलं तरी आम्ही तपासाच्या साहेबांना सांगू, इथं शोधू नका, तिथं शोधा.

मी तुला फोन लावला. तू म्हणालास, सांगता येत नाही. मी म्हणालो, हाय का नाही, एवढंच सांग. तू म्हणालास, नाही म्हणणं हेसुद्धा सांगणंच झालं, मी शपथ घेतली आहे. ऑफिसातलं बाहेर बोलायचं नाही. मी विचारलं, बापापेक्षा मोठी शपथ? तू म्हणालास, आत्याचं सगळं मी भरून देतो. मी ते वच्छलाला सांगितलं. तिचा चेहरा मी विसरणार नाही. म्हणाली, "मले भीक नको, मले उत्तर पायजे." त्या दिवसापासून तिनं तुझं नाव घेणं सोडलं. माझ्या घरी आली तर ओट्यावर बसायची, आत यायची नाही.

लोक बोलायला लागले. म्हणे वकिलाला वाटा मिळाला, म्हणून तोंड बंद आहे. त्यानंतर रविवारी तुझा फोन आला की मी तुझ्याशी भांडायचो, आणि सोमवारी तुझ्यासाठी गावाशी भांडायचो. दोन्हीकडे मनापासून. चहाच्या टपरीवर एकाची गचांडी धरली होती, ते तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू कायदा सांगितला असतास.

शेवटच्या रविवारी तू गुडघ्याचं विचारलंस. मी गुडघ्याचं उत्तर दिलं नाही, पैशाचं विचारलं. तू म्हणालास, "बाबा, नाही सांगता येत." मी फोन ठेवला. बुधवारी रंजनाचा फोन आला, की ऑफिसातच, खुर्चीतून उठता उठता. आता लोक विचारतात, शेवटचं काय बोलणं झालं? मी सांगतो, भांडण. ते चुकचुकतात. त्यांना वाटतं म्हातारा पस्तावत असेल. कायचा पस्तावा? आपण भांडत होतो म्हणजे दोघंही धडधाकट होतो. गोड बोललो असतो तर तुला वाटलं असतं बापाला काही झालंय.

राहून गेलं ते वेगळंच. तू सांगत नव्हतास याचा मला राग होता, आणि तू मलाही सांगत नव्हतास याचा अभिमान. दोन्ही एकाच फोनवर बोलता येत नाही. राग आधी तोंडात यायचा.

विहारासमोर मांडव टाकून तुझं पुण्यानुमोदन केलं. वंदना झाली, भन्तेंचं प्रवचन झालं, मग माईक मोकळा. आपल्यात ही पद्धत तुला माहीत आहे, तू तिला कंटाळायचास. ज्याला बोलायचं तो उठतो, अडवायचं कोणी नाही. एसटीत एकदा शेजारी बसलेला माणूससुद्धा बोलला. तुझा शाळेतला एक मित्र बोलता बोलता स्वतःच्या पोराला नोकरी नाही यावर गेला आणि परत आलाच नाही. वच्छला बायकांच्या मागे, शेवटच्या सतरंजीच्या टोकावर बसली होती. तिनं फुलं आणली नव्हती.

आणि तेव्हा पांढरी गाडी आली. भाऊसाहेब, सोबत दोन माणसं, हातात एवढा मोठा हार. चौकशी चालू असलेला माणूस, पण लोकांनी सवयीनं वाट दिली. तो फोटोकडे गेला नाही, आधी माईककडे गेला. म्हणाला, मिलिंद मला धाकट्या भावासारखा. मी या घरात बसून चहा घेतला आहे. पतसंस्थेचा मोठा निर्णय मी त्याला विचारल्याशिवाय घेतला नाही. आज माझ्यावर चिखल उडवतात, पण ज्याच्या पाठीशी जगातला एवढा मोठा वकील उभा होता तो चुकीचं करेल का? मग त्यानं जाहीर केलं की तुझ्या नावानं गावात अभ्यासिका बांधणार. दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या. टाळी वाजवायची सवय लागलेली माणसं.

मी वच्छलाकडे बघितलं नाही. तिनंच उठून विचारलं. त्याला नाही, मला. आवाज चढवला नाही, पण पुढच्या सतरंजीपर्यंत ऐकू गेलं.

"भाऊ, हे खरं हाय का?"

मिल्या, मी शब्द दिला होता. तुझ्या फोटोकडे बघितलं, तू कोटातला, ओळखपत्रावरचा चेहरा, काही मदत नाही. रंजना खाली बघत होती. मग तुझंच वाक्य डोक्यात आलं. खुर्चीत आहे तोपर्यंत.

मी उठलो. कोणीतरी म्हणालं, मिस्त्री, बसा, दुःखात आहात. मी माईक घेतला, तो किंचाळला, मी तो जरा लांब धरला. आणि म्हणालो, "खरं हाय. चहा प्याला यानं. दोन कप." मग काय झालं ते पहिल्या शब्दापासून सांगितलं. ड्रायव्हर, मेव्हणा, दलाल, आणि तू त्याला गाडीपर्यंत कसा सोडून आलास. म्हणालो, लेकानं मला शब्दात बांधलं होतं. त्याची नोकरी जाईल म्हणून मी गप्प होतो. आता त्याची नोकरी कोणी घेऊ शकत नाही.

"याचा पैसा बेटावर हाय का नाही, मले माहीत नाही. मिल्यानं बापाले सांगितलं नाही. ज्या आत्याच्या मांडीवर वाढला तिले सांगितलं नाही. तिनं बोलणं सोडलं तरी नाही सांगितलं. मंग भाऊसाहेब, तुम्ही त्याचे असे कोण लागून गेले, की तुम्हाले त्यानं सल्ला दिला?"

तो हसला. म्हणाला, दुःखानं माणसाचं डोकं फिरतं, मी मनावर घेत नाही. मी म्हणालो, मनावर घ्या. आणि हार घेऊन जा. अभ्यासिकासुद्धा घेऊन जा. माझ्या लेकाचं नाव तुमच्या भिंतीवर लागणार नाही, आणि लागलं तर ती भिंत कशी पाडायची ते मला येतं.

टाळ्या पडल्या नाहीत. बरं झालं. तो निघाला. त्याचा माणूस हार घेऊन गोंधळला, शेवटी छातीशी धरून गाडीत बसला. मांडवातलं एक पोर हसलं, त्याच्या आईनं त्याला चापट मारली आणि मग तीही हसली.

लोक पांगल्यावर घरी ओट्यावर बसलो तर वच्छला माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "इतके दिवस तू गप बसला."

"मिल्याले शब्द दिला होता."

"त्याले दिला. मी काय परकी होती?"

ती आत गेली. कित्येक महिन्यांनी उंबरा ओलांडला. बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांना तुझ्या फोटोपुढच्या मेणबत्तीचं मेण होतं.

पुढचं शहाणपण गावाकडे होतंच. माणूस वरपर्यंत पोचलेला आहे, प्रकरण दहा वर्षं चालेल, या वयात कोर्ट-कचेरी कायले ओढवून घेता? मी म्हणालो, या वयात मला दुसरं काम काय आहे? फक्त रंजनानं वेगळं सांगितलं. म्हणाली, बाबा, माईकवरचं बोलणं उद्यापर्यंत टिकत नाही. तुम्ही ऐकलं आहे, तुम्ही लिहून द्या. ते तुमचं आहे, त्यांच्या ऑफिसचं नाही. तिनं ते तुझ्यासारखंच म्हटलं, मान जरा तिरपी करून. इतकी वर्षं तुझ्यासोबत राहून आणखी काय होणार.

तुझं तोंड शपथेनं बांधलेलं होतं. त्या शपथेला मी आजही नावं ठेवतो. आत्याच्या वेळी ती मोडायला पाहिजे होती असं माझं मत आहे, आणि तू समोर असतास तर तू नाही म्हणाला असतास, आणि मी फोन ठेवला असता. तो वाद तसाच राहू दे. पण तुला विकत घेतलं होतं असं या जिल्ह्यात कोणी म्हटलेलं मी जिवंतपणी ऐकून घेणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीला निघालो. स्टँडवर वच्छला आधीच उभी, हातात भाकरीची पिशवी. म्हटलं, तू काऊन आली? ती म्हणाली, "मिल्यासाठी आली. तुह्यासाठी नाही." चिखलीला गाडी बदलली, बुलढाण्याला उतरलो. पतसंस्थेच्या तपासाच्या साहेबाची वाट बघत बाकावर बसलो. तो तरुण होता. त्यानं विचारलं, काका, तुमची ठेव किती? मी म्हणालो, एक रुपया नाही. मग कशाला आलात? मी म्हणालो, मी ऐकलं आहे म्हणून.

त्यानं जबाब लिहून घेतला. मी म्हणालो, वाचून दाखवा. त्यानं वाचला. एका ठिकाणी त्यानं लिहिलं होतं, 'मला आठवते त्याप्रमाणे अध्यक्षांनी अशी मागणी केली असावी.' मी त्याला थांबवलं. म्हणालो, हे खोडा. 'असावी' नाही. मी समोर बसलो होतो. त्यानं खोडलं, 'केली' असं लिहिलं, आणि मग मी खाली माझं पूर्ण नाव लिहून सही केली.